गावच्या शाळेला संगणक द्यायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, वस्तीवरचे अभ्यासवर्ग आणि बालगृहं यांतल्या मुलांना संगणक शिकता यावा म्हणून मदत करू इच्छिणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या ऑफिसातून वीस जुने संगणक निघणार आहेत. जवळच्या शाळेत नेऊन दिले तर चालतील का?

चालतील, पण आधी शाळेत जाऊन चार गोष्टी बघा: खोलीत अर्थिंग असलेले सॉकेट आहेत का, छत गळतं का, दाराला धड कुलूप आहे का, आणि वेळापत्रकात संगणकाची तासिका बसवायला मुख्याध्यापक तयार आहेत का. यातलं एक जरी नसलं तरी संगणक खोक्यातच राहतात. वीस संगणक एकाच शाळेला देण्याची गरजही बहुधा नसते (प्र. ७). एकूण रकमेचा हिशेब करताना शंभरातले साठ रुपये यंत्रांवर आणि चाळीस रुपये पुढच्या दोन वर्षांची वीज, दुरुस्ती आणि शिकवणाऱ्या माणसासाठी, अशी वाटणी आम्ही सुचवतो. सगळी रक्कम यंत्रांवर गेली की पहिल्या बिघाडानंतर खोलीला कुलूप लागतं.

२. संगणक किती जुना असला तरी उपयोगी पडतो?

वर्षं मोजू नका, तीन गोष्टी तपासा. प्रोसेसर ६४ बिटचा हवा. रॅम किमान ४ जीबी हवी, ८ असेल तर उत्तम. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवता आली पाहिजे. १२० किंवा २४० जीबीची पुरते. एवढ्या एका बदलाने दहा वर्षांचा संगणकही कामाचा होतो. हार्ड डिस्कवर यंत्र सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात, एसएसडीवर साधारण अर्धा मिनिट. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हा फरक फार मोठा आहे.

जाड काचेचे जुने मॉनिटर, २ जीबी रॅमचे लॅपटॉप, चार्जर हरवलेली यंत्रं आणि बॅटरी फुगलेले लॅपटॉप शाळेला देऊ नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती काढून चार्जरवर यंत्र चालत असेल तरच पुढे विचार करा.

३. संगणकातली माहिती फॉरमॅट केल्यावर जाते ना?

नाही. साध्या फॉरमॅटनंतर बऱ्याच फाइली परत मिळवता येतात. फिरती हार्ड डिस्क असेल तर संपूर्ण डिस्कवर एकदा शून्य लिहिणारं साधन चालवा. एनवाइप हे मोफत साधन पेनड्राइव्हवरून सुरू होतं आणि ५०० जीबीला काही तास घेतं. एसएसडीसाठी ही पद्धत भरवशाची नाही, तिथे बायॉसमधली (यंत्र सुरू होताना चालणारी मूळ व्यवस्था) किंवा उत्पादकाच्या साधनातली ‘सिक्युअर इरेज’ आज्ञा वापरा. कंपनीचं धोरण डिस्क बाहेर द्यायला परवानगी देत नसेल तर डिस्क काढून घ्या आणि नव्या एसएसडीचे पैसे द्या.

कंपन्यांकडून हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे बायॉसचा पासवर्ड. तो काढला नाही तर शाळेला दुसरी प्रणाली बसवताच येत नाही. तसंच लॅपटॉप कंपनीच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेला राहिला, तर विंडोज नव्याने टाकल्यावर तो पुन्हा कंपनीचाच लॉगिन मागतो. देण्याआधी आयटी विभागाकडून ही नोंद रद्द करून घ्या. तो विभाग फाइल बंद करून मोकळा झाला की नंतर हे काम होणं कठीण.

४. विंडोज टाकायचं की लिनक्स?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची चिप) आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. दानात येणारे बरेचसे संगणक त्याहून जुने असतात. अशा यंत्रांवर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती बसवा: हलकी, मोफत आणि परवान्याची कटकट नसलेली. यंत्र विंडोज ११ ला पात्र असेल आणि परवाना खरा असेल तर विंडोज ठेवायला हरकत नाही. चोरीचं विंडोज मात्र शाळेत टाकू नका. ते चालू करण्यासाठी वापरतात त्या ‘क्रॅक’ फाइलींमधूनच अनेकदा व्हायरस येतात, आणि एका पेनड्राइव्हने ते सगळ्या खोलीत पसरतात.

बसवताना प्रत्येक यंत्रावर दोन खाती करा. एक शिक्षकाचं, पासवर्डसह. दुसरं मुलांचं, ज्यातून सॉफ्टवेअर काढता-घालता येणार नाही. सगळं नीट लावून झालं की लिनक्स मिंटमधल्या टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीची एक प्रत घेऊन ठेवा. पुढे प्रणालीच्या फाइली बिघडल्या तर ती परत मूळ अवस्थेत आणता येते. मुलांची कामं मात्र वेगळ्या पेनड्राइव्हवर साठवा, टाइमशिफ्ट मुळात प्रणालीसाठी आहे.

५. लिनक्सवर शिकलेली मुलं पुढे कॉलेजात, नोकरीत अडतील, असं पालक म्हणतात.

फाइल, फोल्डर, टायपिंग, तक्ता, सूत्र, ब्राउझर या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत. केरळमधल्या सरकारी शाळा गेली अनेक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकवत आल्या आहेत. गोव्यातही परदेशस्थ गोंयकारांच्या पुढाकाराने जुने संगणक मिळवून त्यांवर लिनक्स चालवण्याचं काम या शतकाच्या सुरुवातीला झालं. तरी पालकांची काळजी रास्त आहे, म्हणून शक्य असेल तिथे एका यंत्रावर विंडोज ठेवा आणि आठवीतल्या मुलांना शेवटच्या महिन्यात त्यावर हात फिरवू द्या.

६. जिल्हा परिषद शाळेला वस्तू देताना कुणाची परवानगी लागते? कागद कोणते?

सुरुवात मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीपासून करा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. समितीच्या बैठकीत वस्तू स्वीकारण्याचा ठराव होतो, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवलं जातं. आश्रमशाळा शासकीय असेल तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाशी बोलावं लागतं, अनुदानित असेल तर संस्थाचालकांशी. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही शाळा आपल्या यूडायस क्रमांकावरून (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) गरज नोंदवू शकतात आणि दाता तिथूनच देऊ करू शकतो.

देताना तीन कागद हवेत. एक, दानपत्र: प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, रॅम, डिस्क आणि चार्जर यांच्या यादीसह. दोन, शाळेची पोहोच. तीन, डेड स्टॉक रजिस्टरमधल्या, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीतल्या, नोंदीची प्रत. तिसरा कागद लोक टाळतात, आणि घोटाळा तिथेच होतो. नोंद नसलेलं यंत्र मुख्याध्यापक बदलले की कुणाचंच राहत नाही.

उलट अडचणही तेवढीच खरी आहे: नोंद झाली की हरवल्यास किंवा मोडल्यास वसुली आपल्याकडून होईल या भीतीने गुरुजी यंत्र कपाटात ठेवतात. म्हणून ठरावातच एक वाक्य घालून घ्या, की मुलांच्या नियमित वापरात झालेल्या बिघाडासाठी कुणाही शिक्षकाला वैयक्तिक जबाबदार धरलं जाणार नाही. या एका वाक्याने कपाटं उघडतात.

७. एका शाळेला किती संगणक द्यावेत? डेस्कटॉप, लॅपटॉप की टॅब?

सगळ्यात मोठ्या वर्गाचा पट बघा आणि दोन मुलांमागे एक यंत्र धरा. पट चोवीस असेल तर बारा यंत्रं, किंवा सहा यंत्रं आणि वर्गाचे दोन गट. एका यंत्रावर तीन मुलं बसली की तिसरं फक्त बघत राहतं. दोघांतही एकच मूल माऊस सोडत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी जागा बदलण्याचा नियम करा. एक चालक, दुसरा सांगणारा. घंटा वाजली की अदलाबदल.

मुलांना काही तयार करायला शिकवायचं असेल तर टॅब नको. टॅबवर बघणं होतं, टायपिंग आणि फाइल सांभाळणं होत नाही, आणि फुटलेला पडदा बदलायचा खर्च टॅबच्या किमतीच्या जवळ जातो. वीज बरी असेल तिथे डेस्कटॉप घ्या: एकेक भाग स्वतंत्र बदलता येतो, तालुक्याच्या गावात सुटे भाग मिळतात, आणि चोरून न्यायला अवघड. वीज सारखी जाते तिथे लॅपटॉप, कारण बॅटरी हाच यूपीएस. मॉनिटरच्या मागे बसणारे छोटे मिनी पीसी मिळत असतील तर आमची पहिली पसंती त्यांना: १५ ते ३० वॉट वीज, पंखा लहान, धूळ कमी.

हेडफोन द्याल तर प्रत्येक यंत्राच्या जॅकला एक छोटी एक्स्टेंशन वायर कायमची लावून ठेवा. मुलं वायर ओढतातच. मग तुटते ती स्वस्त वायर, यंत्राचा जॅक वाचतो.

८. प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप दिला तर? मुलं आपली आपण शिकतात असं ऐकलंय.

१९९९ मध्ये सुगाता मित्रांनी दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवला आणि मुलं बघता बघता तो वापरू लागली. पुढे सिंधुदुर्गातही असे संगणक बसवले गेले. मुलं एकमेकांकडून माऊस, खेळ, चित्रं फार पटकन शिकतात, हे खरंच आहे. पण त्यापुढे जायला विचारणारा, दिशा दाखवणारा मोठा माणूस लागतो.

‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात इथल्या छोट्या शाळेत झाला होता. त्याच मोहिमेचा मोठा अभ्यास पेरू देशातल्या ३१९ ग्रामीण शाळांत झाला. २०१२ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. यंत्रं मात्र जवळपास प्रत्येक मुलाच्या हाती पोहोचली होती. त्यामुळे पन्नास मुलांना पन्नास लॅपटॉप देण्याइतके पैसे असतील तर बारा यंत्रं घ्या आणि उरलेल्या रकमेतून शिकवणाऱ्याचं मानधन द्या.

९. शाळेत वीज आहे, पण भरवसा नाही. नेमकी काय सोय करावी?

आधी अर्थिंग. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. पाचच्या वर असेल किंवा काटा भलताच हलत असेल तर संगणक लावण्याआधी अर्थिंगचा खड्डा नवा करून घ्या. गावातल्या अनेक शाळांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच जोडलेली नसते. डेस्कटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या यामुळेच. खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, इथे काटकसर नको.

मग इन्व्हर्टर. दहा लॅपटॉप, प्रत्येकी ४० वॉट, म्हणजे ४०० वॉट. १२ व्होल्ट १५० एएचची एक ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते; ती पूर्ण उतरवायची नाही आणि इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते, हे धरून हाती साधारण १००० वॉट-तास येतात. म्हणजे अडीच तास. ८५० ते ९०० व्हीएचा इन्व्हर्टर पुरतो. तेवढेच डेस्कटॉप प्रत्येकी १०० वॉटचे असतील तर हाच संच तासभरही टिकत नाही आणि इन्व्हर्टरही लहान पडतो. पंखा, दिवे, प्रोजेक्टर त्याच इन्व्हर्टरवर जोडू नका. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोरडी पडून बॅटरी मरणं हा सगळ्यात नेहमीचा प्रकार आहे.

सौर पॅनलचा विचार असेल तर १ किलोवॉटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट देतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर विसंबू नका.

१०. वीजबिल कोण भरणार?

दहा लॅपटॉप रोज तीन तास, महिन्याला बावीस दिवस चालले तर साधारण २६ युनिट होतात. रक्कम मोठी नाही, पण थकली की जोडणी तुटते. शाळेच्या अनुदानातून बिल भरता येतं, मात्र ते अनुदान पटावर ठरतं, म्हणून कमी पटाच्या शाळांचे हात बांधलेले असतात. दोन वर्षांच्या वाढीव बिलाची रक्कम दानातच धरा किंवा ग्रामपंचायतीकडून ती जबाबदारी लेखी घ्या. मीटर शाळेच्या नावावर आणि योग्य वर्गवारीत आहे ना, तेही बघा.

११. गावात नेटवर्कच येत नाही. मग संगणकाचा उपयोग काय?

पहिली दोन वर्षं इंटरनेट नसलं तरी फारसं अडत नाही. एक संगणक जरा दणकट ठेवा, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबी साठवण, आणि त्याला साधा वायफाय राउटर जोडा. राउटरला सिम किंवा ब्रॉडबँड लागत नाही, तो फक्त खोलीतली यंत्रं एकमेकांना जोडतो. त्या एका संगणकावर कोलिब्री आणि किविक्स ही इंटरनेटशिवाय चालणारी मोफत सॉफ्टवेअर बसवा. किविक्समधून संपूर्ण मराठी विकिपीडिया ऑफलाइन वाचता येतो, कोलिब्रीतून धडे आणि व्हिडिओ. बाकीची यंत्रं ब्राउझरमधून ते उघडतात. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही विज्ञानाची सिम्युलेशनं एकेक करून उतरवून घेता येतात आणि त्यांतली बरीच मराठीत आहेत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, तीही ठेवा.

हे सगळं शहरात असताना, चांगल्या जोडणीवर उतरवून मग यंत्र गावी न्या. शाळेत गेल्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवू म्हटलं की दिवस वाया जातो.

१२. मराठी टायपिंग कुठल्या पद्धतीने शिकवावं?

इनस्क्रिप्ट. भारतीय मानक ब्युरोने मान्य केलेली रचना आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासून असते, आणि मुलाला आधी इंग्रजी स्पेलिंग यावं लागत नाही. ‘कमळ’ लिहायला तीन कळा पुरतात, फक्त ळ साठी शिफ्ट धरावी लागते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला, हे दुसरीतलं मूलही पकडतं. कळांवर देवनागरीचे स्टिकर लावा आणि महिन्या-दीड महिन्याने निम्म्या यंत्रांवरचे काढा.

दोन जागा अडतात. जोडाक्षर: इंग्रजी डीच्या कळीवर हलन्त आहे, ते दोन व्यंजनांच्या मधे द्यायचं. आणि ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ मधला अर्धा र: शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग हलन्त, मग य. नुसत्या र ने ‘दर्या’ होतो. शिक्षकांच्या जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतील तर त्या नव्या यंत्रावर अगम्य चिन्हांसारख्या दिसतील. फाइल बिघडलेली नसते. तिचं युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) रूपांतर करावं लागतं. गुरुजींसाठी हे काम सुरुवातीलाच करून द्या, संगणकाशी त्यांची मैत्री तिथून होते.

१३. मुलांना शिकवायचं तरी काय? पॉवरपॉइंट आणि पेंट एवढंच दिसतं.

तिसरी-चौथीला जीकॉम्प्रिस आणि टक्स पेंट. माऊस, कळा, मोजणी, आकार सगळं त्यात येतं. पाचवी-सहावीला फाइल कुठे ठेवली ते सापडणं, फोल्डर, मराठी टायपिंग, लिब्रऑफिसमध्ये पत्र आणि निबंध. सातवी-आठवीला तक्ता आणि स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम तयार करणं. लिनक्सवर स्क्रॅचचं अधिकृत अ‍ॅप मिळत नाही, त्याऐवजी टर्बोवार्पची डेस्कटॉप आवृत्ती बसवा. स्क्रॅचच्या फाइली त्यात उघडतात.

तक्ता शिकवताना बनावट गुणपत्रिका नको. शाळेच्या अंगणात डबा आणि मोजपट्टी ठेवून रोजचा पाऊस मोजा, किंवा गावातल्या विहिरींची पाणीपातळी दर सोमवारी घ्या. सहा आठवड्यांनी मुलांच्या हाती स्वतःचे आकडे असतात, सरासरी आणि आलेख कशासाठी ते वेगळं सांगावं लागत नाही. हा तक्ता ग्रामसभेत भिंतीवर लावलेला पाहिला की पालकही खोलीत डोकावू लागतात.

१४. शिक्षकांनाच संगणक येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांची बदली होते. मग?

बदली होणारच असं धरूनच आखणी करा. किमान दोन शिक्षक आणि गावातलाच एक तरुण किंवा तरुणी, अशा तिघांना एकत्र शिकवा. गावातली बारावी झालेली, संगणकाचा प्राथमिक कोर्स केलेली मुलगी मानधनावर आठवड्याला सहा तास आली तर शहरातून महिन्यातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञापेक्षा काम कितीतरी पुढे जातं. मानधन दर महिन्याला आणि वेळेवर द्या. तीन महिन्यांचं एकदम दिलं की माणूस टिकत नाही.

शिक्षकांचं प्रशिक्षण एका दिवसात आठ तास असं घेऊ नका. दोन तासांचे पाच वर्ग, मधे एकेक आठवडा, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याच कामातलं काही: हजेरीचा तक्ता, निकालपत्रक, प्रश्नपत्रिका. शिवाय खोलीत एक वही ठेवा, तीत यंत्र चालू-बंद करण्याची रीत, शिक्षकाच्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्याचा नंबर. नवे गुरुजी आले की ही वही त्यांच्या हातात पडली पाहिजे.

१५. मुली संगणकाजवळ येतच नाहीत.

वेळ बदला. शाळा सुटल्यावरच्या वर्गाला मुली थांबू शकत नाहीत. पाणी, धाकटी भावंडं, स्वयंपाक घरी वाट बघत असतो. तास शाळेच्या वेळेतच घ्या. सुरुवातीचे दोन महिने मुलींच्या जोड्या मुलींबरोबर ठेवा, कारण मिश्र जोडीत माऊस मुलाच्या हाती जातो. आणि यंत्रावर बसल्याची नोंदवही ठेवा. महिन्याने तिच्यावर नजर टाकली की कोण सुटतंय ते लगेच दिसतं.

१६. ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीनंतर निघून जातात. त्यांचं काय करायचं?

बीड, अहिल्यानगर आणि शेजारच्या पट्ट्यातल्या शाळांत हा प्रश्न दरवर्षी येतो. अभ्यासक्रम वर्षभराचा एकसलग आखू नका. जून ते ऑक्टोबर असा एक पूर्ण टप्पा ठेवा, जो दिवाळीआधी संपतो. मूल मार्च-एप्रिलमध्ये परत आलं की त्याला जिथे सोडलं तिथूनच घेता यावं म्हणून प्रत्येकाचं एक पानाचं कार्ड करा: काय येतं, कुठे अडलं, फाइली कोणत्या फोल्डरमध्ये आहेत.

मुलांना लॅपटॉप देऊन कारखान्याच्या तळावर पाठवणं नको. कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, विजेची सोय नसते, आणि हरवलं-फुटलं तर दडपण आईबापांवर येतं. पैसे खर्च करायचेच असतील तर गावातल्या हंगामी वसतिगृहात संध्याकाळचा वर्ग चालवा. तिथे आजी-आजोबांजवळ मागे राहिलेली मुलं येतात आणि शाळेतलेच संगणक वापरता येतात.

१७. एक मूल दृष्टिहीन आहे. त्याला संगणक शिकता येईल?

नक्की येईल. विंडोजवर एनव्हीडीए आणि लिनक्सवर ऑर्का ही पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर मोफत आहेत, आणि ईस्पीक एनजीचा आवाज मराठी वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. वेग सुरुवातीला अगदी कमी ठेवा. कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर उंचवटे असतात, बोटांची जागा तिथून शिकवा. त्या मुलाला स्वतंत्र यंत्र आणि हेडफोन हवा, प्र. ७ मधला जोडीचा नियम इथे लागू नाही. जीकॉम्प्रिस आणि स्क्रॅच त्याला उपयोगी पडणार नाहीत. टायपिंग, मजकूर लिहिणं आणि पुस्तक ऐकणं यांपासून सुरुवात करा.

१८. सगळ्यात जास्त काय बिघडतं? शाळेतच दुरुस्त होईल असं किती?

बऱ्यापैकी. यंत्र सुरू होऊन पडद्यावर काहीच येत नसेल आणि बीप वाजत असेल तर वीज काढून रॅम बाहेर घ्या, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासा, पुन्हा दाबून बसवा. दमट हवेत हे हमखास होतं. घड्याळ रोज मागे जात असेल आणि वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणत असतील तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं जुळत नाहीत. इंटरनेट खराब म्हणून लोक राउटर बदलतात, दोष या छोट्या सेलचा असतो. यंत्र तापून बंद पडत असेल तर पंख्यातली धूळ काढा आणि प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावा. पॉवर सप्लाय मात्र शाळेत उघडू नका. वीज काढल्यावरही त्यात धोकादायक दाब राहतो.

पावसाळ्यात यंत्रं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं चुकीचं आहे, आत ओल कोंडते. सुती कापड टाका आणि आठवड्यातून दोनदा तासभर सगळी यंत्रं चालू ठेवा; स्वतःच्या उष्णतेने ती कोरडी होतात. शालेय पोषण आहाराचं धान्य त्याच खोलीत ठेवू देऊ नका. धान्यामागे उंदीर येतात आणि वायरी कुरतडतात. वर्षाला दहा यंत्रांमागे तीन माऊस, दोन कीबोर्ड, दोन पॉवर केबल, एक रॅम आणि चार सेल एवढं सामान कपाटात हवं.

१९. संगणक दिले तर आयकरात ८०जी ची सवलत मिळते का?

वस्तुरूप दानाला नाही, फक्त पैशाच्या दानाला. तेही जुनी करप्रणाली निवडली असेल तर, आणि रोख दिलं असेल तर २,००० रुपयांपर्यंतच. संस्थेने पावतीबरोबर देणगीचं प्रमाणपत्र (१९६१ च्या आयकर कायद्यात १०बीई) दिलं पाहिजे, नुसती पावती पुरत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात; पावतीवर कोणतं कलम लिहायचं ते सल्लागाराकडून तपासून घ्या.

२०. मी अमेरिकेत राहतो. पैसे किंवा लॅपटॉप पाठवता येतील?

तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते. मग घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं हवं. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे ‘मोठ्या संस्थेत जमा करा, ती गावातल्या मंडळाला देईल’ हा मार्ग बंद आहे.

वापरलेले लॅपटॉप पाठवू नका. वापरलेल्या संगणकांच्या आयातीवर निर्बंध आहेत, परवानगीशिवाय माल सीमाशुल्क विभागात अडकतो. तेवढ्या पैशांत इथेच घेतलेलं यंत्र हमीसह मिळतं आणि दुरुस्तही होतं.

२१. आमच्या कंपनीने जुने संगणक दिले, तर त्यांची किंमत सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) खर्चात दाखवता येईल का?

नाही. वस्तूची किंमत लावून ती सीएसआर खर्च म्हणून दाखवता येत नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाचं स्पष्टीकरण आहे. सीएसआरच्या पैशातून शाळेसाठी नवे संगणक विकत घेणं चालतं, आणि कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूची सातमध्ये शिक्षण येतंच. अशी मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही; ती शाळेसारख्या सार्वजनिक प्राधिकरणाच्या किंवा सीएसआर नोंदणी क्रमांक असलेल्या संस्थेच्या नावावर करावी लागते. जुनी यंत्रं मोफत देताना त्यांच्यावर घेतलेल्या जीएसटी क्रेडिटचं काय करायचं, हे लेखा विभागाला आधी विचारा.

२२. शनिवारी शिकवायला आलो तर? आणि मुलांचे फोटो टाकले तर चालतील?

या, पण कोणताही स्वयंसेवक मुलांबरोबर एकटा बंद खोलीत नको. दोन प्रौढ, दार उघडं, आणि संस्थेकडे पोलीस पडताळणीची प्रत. मुलांचे मोबाइल नंबर घेऊ नका, त्यांच्याशी थेट चॅट करू नका. लैंगिक गैरवर्तनाचा संशय आला तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. तातडीच्या मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८. सगळे शनिवार येणं जमणार नसेल तर महिन्यातला एकच ठरवा आणि तो चुकवू नका.

फोटोसाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि नाव, गाव, चेहरा एकत्र देऊ नका. बालगृहातल्या मुलांचा फोटो किंवा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘मदत मिळाल्याचा पुरावा’ हवा असेल तर चालू पडदे, वापराची नोंदवही आणि मुलांनी केलेले तक्ते यांचे फोटो घ्या.

२३. पाच वर्षांनी यंत्रं निकामी झाली की शाळेने ती भंगारात विकावीत का?

परस्पर नाही. डेड स्टॉक रजिस्टरवरची वस्तू निर्लेखनाशिवाय, म्हणजे नोंदीतून रीतसर वगळल्याशिवाय, काढता येत नाही. व्यवस्थापन समितीचा ठराव, नादुरुस्त असल्याचा दाखला आणि वरिष्ठांची मंजुरी या क्रमाने जावं लागतं, आणि याला महिने लागतात. म्हणून तिसऱ्या वर्षापासूनच दरवर्षी बंद यंत्रांची यादी पाठवायला सांगा. मंजुरीनंतर चालू रॅम, एसएसडी, सेल, केबल काढून दुरुस्तीच्या कपाटात ठेवा. डिस्कवर मुलांची नावं, जन्मतारखा, आधारच्या प्रती असतात, त्या प्र. ३ प्रमाणे पुसा. उरलेलं ई-कचरा नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या आणि त्यांची पावती निर्लेखनाच्या फाइलीला जोडा. गावातला भंगारवाला तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतो, तो धूर शाळेच्याच आवारात पसरतो. एका शाळेची पाच-सात यंत्रं न्यायला पुनर्वापर केंद्र गाडी पाठवत नाही. तेव्हा केंद्रप्रमुखांना सांगून त्यांच्या हाताखालच्या सगळ्या शाळांचा माल एका दिवशी केंद्रशाळेत गोळा करा.